आपल्या पायानं

राजूरच्या घाटात, दुसऱ्या वळणावर, मोटर मेली. आधी खोकली, मग आतून कोणी दाढा चावाव्यात तसा आवाज निघाला, आणि मग तिची वाचाच बसली. पुंजाजी उतरला आणि त्यानं मागच्या चाकाखाली धोंडा लावला. हे काम त्याला आता झोपेतही जमलं असतं.

मलकापूरच्या स्टेशनावरून घेतलेले उतारू एकेक करून खाली उतरले. कोणी चिडलं नाही. चिडायचं ते मागच्या खेपेलाच चिडून झालं होतं.

"पुंजाजी, तुह्या दमणीत बसलो असतो त आतालोक घरी जेवाले बसलो असतो."

"दमणी राह्यली काय आता? बैल देऊन डबा घेतला यानं!"

हसत हसत ते बुलढाण्याच्या वाटेनं पायी चालते झाले. पुंजाजी मोटरीखाली वाकला. पोटातून काळं तेल गळत होतं आणि तेलात काहीतरी भरड होतं. त्यानं बोटावर घेऊन चोळून पाहिलं. लाकडाचा भुसा. सुताराच्या दारात पडतो तसला. चाकं फिरवणाऱ्या दातऱ्यांच्या पेटीत तो कोणीतरी ठासून भरला होता, झिजलेले दाते वाजू नयेत म्हणून. भुसा जळला तेव्हा दाते बोलले, आणि बोलून तुटले.

पुंजाजी जन्मभर दमणी, उतारूंची हलकी बैलगाडी, हाकत आला होता. घाटावरच्या गावातून माणसं भरायची, घाट उतरून मलकापूरच्या गाडीवर पोचवायची, तिकडून आलेली वर आणायची. बाशिंग्या आणि कवड्या ही त्याची जोडी. ती रात्री धनी पेंगला तरी घर चुकत नसे. पण सडकेवर मोटरी आल्या आणि माणसांना घाई झाली. कशाची घाई, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. रिकामी दमणी समोरून गेली तरी लोक मोटरीची वाट पाहत झाडाखाली बसत. तेव्हा पुंजाजीनं ठरवलं की आपणही मोटर करायची.

मलकापुरात भगवंतराव म्हणून कापसाचा अडत्या होता. मुंबईकडच्या थकलेल्या मोटरी आणायच्या, हिरवा रंग फासायचा आणि घाटावरच्या माणसांच्या गळ्यात बांधायच्या, हा त्याचा जोडधंदा. त्यानं पुंजाजीला गादीवर बसवलं, पान दिलं आणि अदलाबदलीचा सौदा ठरवला. मोटर घे, जोडी आणि दमणी दे.

पुंजाजी काही आंधळा नव्हता. बैल पारखतात तशी त्यानं मोटर पारखली. पोटाखाली वाकून पाहिलं, पाठीवर थाप मारली, सरकीची पोती भरून नांदुऱ्याच्या सडकेनं लांबवर पळवून आणली. मोटर चूपचाप पळाली. बैल असता तर पास होता. पण घाटाखालची ती सडक परातीच्या बुडासारखी सपाट. चढ कुठं होता तिथं?

मग त्यानं बाजारातला नेहमीचा सवाल केला. "खोड निघाली त?"

"बाजाराचा कायदा," भगवंतराव म्हणाले. "पुढच्या बाजारालोक आणून बांध, तुहे बैल घेऊन जा. मात्र जनावर आपल्या पायानं आलं पाहिजे."

गुरांच्या बाजारात हे असंच चालतं. खोड निघाली तर जनावर पुढच्या बाजाराच्या आत परत, तोंडातून शब्द न काढता. फक्त ते चालत आलं पाहिजे. पाय मोडून आणलेलं जनावर कोणी परत घेत नाही. आणि जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. दावं विकणाऱ्याचं.

"दावं आमचं, काय पुंजाजी?" असं म्हणून भगवंतरावांनी मोटरीचं जास्तीचं चाक, चाक उचलायचा घोडा आणि हत्यारांची पेटी उतरवून घेतली. पुंजाजीनं मान हलवली. त्याला ते रीतीला धरून वाटलं! एक हँडल तेवढं राहिलं, कारण त्यावाचून मोटर सुरूच होत नव्हती.

हाकायला शिकवायला म्हणून भगवंतरावांचा ड्रायव्हर वाहेद बरोबर आला. घाटाशी येताच त्यानं मोटर उलटी फिरवली आणि मागच्या मागं वर चढवली.

"असं काऊन बे?"

"घाटात मोटर उलटीच चढते, बुवा," वाहेद सडकेकडे पाहत म्हणाला. पुंजाजीकडे त्यानं पाहिलं नाही. सरळ चढवली असती तर झिजलेले दाते तिथंच बोलले असते.

गावात मोटर आली ती पाठ दाखवत. पोरं टाळ्या पिटत होती. त्या दिवशी पुंजाजीही हसला होता.

आता तो उठला. बाजार परवा होता. कापसाच्या गाडीवर बसून, काही पायी चालून, दुसऱ्या दिवशी दुपारी तो अडतीवर पोचला.

"राम राम पुंजाजी! कशी हाय आमची लेक?" भगवंतरावांनी विचारलं. मुनीम आधीच हसायला लागला.

"खोड निघाली, मालक. घाटात बसली. पोटात भुसा सापडला."

"भुसा? तू पडला बैलवाला. तूच टाकला असशीन चारा म्हणून!"

मुनीम आता मांडीवर हात मारून हसला.

"बाजार उद्या हाय," पुंजाजी म्हणाला. "मोटर घ्या. माहे बैल द्या."

"कोणाचे बैल?"

भगवंतरावांनी पानाचा डबा पुढं ओढला.

"घेतो ना परत. शब्द म्हणजे शब्द. उद्या आण अन् बांध इथं. पण आपल्या पायानं. लंगडं जनावर ओढत आणलं त तू घेतलं असतं काय? तूच सांग."

हा कायदा पुंजाजीच्या बापाचा, आज्याचा. गरिबांनी एकमेकांना फसवू नये म्हणून तो केलेला. तो गादीवाल्याच्या तोंडी गेला आणि त्याचा फास झाला. सरकारचे कायदे नागपुराहून येतात, ते आपल्याला कळत नाहीत. आपले कळतात, तेही हे लोक वापरून घेतात. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. वाटायची त्यांना वाटत नाही, तर मला का वाटावी?

"बैल बरे हायेत न?" शेवटी पुंजाजीनं एवढंच विचारलं.

"कामाले लावले. चांगले हायेत. मले त काही खोड नाही निघाली," भगवंतराव म्हणाले आणि त्यांनी पान तोंडात टाकलं. "अन् ते मोटर सडकेवर नको ठेवू, फौजदार धरीन. माणूस पाठवतो. बैलायनं ओढून तुह्या घरी नेऊन सोडीन. जा."

बाजाराच्या दिवशी सकाळी पुंजाजी मोटरीच्या पायरीवर बसून होता. सुभद्राबाई, त्याची बायको, भाकरीचं फडकं घेऊन घाट उतरून आली. मोटरीकडे तिनं पाहिलंच नाही.

"घरी चाला."

"माणूस येऊन राह्यला. ओढून नेतो म्हणे."

"घरी नेऊन करान काय तिचं? कोंबड्या बसवान?"

पुंजाजीनं भाकर मोडली. खालच्या वळणावरून बैलांच्या खुरांचा आवाज आला. वाहेद साखळी खांद्यावर टाकून जोडी हाकत येत होता. त्यातल्या एका बैलानं मान वर केली, कान टवकारले आणि वाहेदच्या हाकेची वाट न पाहता चाल धरली.

"बाशिंग्या!" सुभद्राबाई उठली. तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला तशी त्यानं कातडी थरथरवली. खांदा सुजून सोलला होता. कवड्याचाही.

"काय केलं बे यायचं?"

वाहेदनं साखळी खाली टाकली. "मी काय करू, भाबी? घाटात मोटर बसली का मालक हेच जोडी पाठवते. तीन ओढल्या यायनं."

"कोणाच्या मोटरी?" पुंजाजीनं विचारलं.

"कोणाच्या म्हंजे? मालकानंच विकलेल्या."

पुंजाजीला रागही आला नाही. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. तो उठला, साखळी मोटरीला अडकवली, जू बैलांच्या खांद्यावर ठेवलं. सवयीनंच. "हं माह्या राजा," म्हणाला. त्या आवाजावर जोडीनं कमरा वाकवल्या आणि ओढली. मोटर हलली. एक वळण चढली. वाहेद मागून धोंडे लावत होता, सुभद्राबाई मोटरीला खांदा देत होती. आणि पुढच्या चढावर कवड्याचे पुढचे गुडघे सडकेला टेकले. तो ओरडला नाही. पुंजाजीचा आवाज होता, म्हणून तो गुडघ्यावरच ओढत राहिला.

पुंजाजीनं जू काढलं.

"वाहेद, आज बाजार हाय न?"

"हाव."

"मंग बाजाराच्या आत झालं. मोटर परत." त्यानं हँडल काढून वाहेदच्या हातात दिलं. मग बैलांच्या गळ्यातली भगवंतरावांची नवी दावी सोडली, नीट गुंडाळली आणि तीही त्याच्या हातावर ठेवली. "दावं विकणाऱ्याचं. माहे बैल मी नेतो."

"बुवा, मालक कातडं सोलीन माहं!"

"सांग, मी झाडामागं गेलो होतो. आलो त बैल नव्हते. आपल्या पायानं गेले."

वाहेद दावी हातात धरून उभा राहिला. "फौजदार येईन तुमच्या घरी."

"येऊ दे. मालकाच्या मोटरनं नको येऊ म्हणा. पोचणार नाही."

वाहेदला हसू आलं, आणि हसल्यावर तो घाबरला. मोटरीच्या चाकाला त्यानं आणखी एक धोंडा लावला आणि तोंड फिरवून घाटाखाली पाहत बसला. त्यानं काहीच पाहिलं नाही, हे त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

पुंजाजीनं मागं पाहिलं नाही. तो आणि सुभद्राबाई पुढं, बैल मागं, गळ्यात काही नाही. कवड्या लंगडत होता, म्हणून सगळेच हळू चालत होते. मलकापूरच्या अडतीत दमणी होती, ती तिथंच राहिली. वरून एक भरलेली मोटर भोंगा वाजवत आली, त्यांना कडेला सरावं लागलं. धूळ बसेपर्यंत ते चौघंही उभे राहिले.

"दमणी नाही," सुभद्राबाई म्हणाली. "फौजदार येणार. करान काय आता?"

पुंजाजीनं कवड्याच्या पाठीवरची धूळ झाडली.

"घरी गेल्यावर," तो म्हणाला, "आधी यायच्या खांद्याले हळद-तेल लाव."