हायड्रोजनचं बटण

"दादा, मी आत चाललो. हात बटणावर ठेव," असं म्हणून धाकट्याने इंजिनाच्या खोलीचं जाड दार ढकललं.

थोरला काचेच्या अलीकडे खुर्चीत बसला होता. दोघे सख्खे भाऊ इंजिनांच्या या चाचणीशाळेत एकदमच चिकटले आणि इथेच पिकले. थोरल्याने इंजिन चालवायचं, धाकट्याने शेजारी उभं राहून हवेच्या पाइपला हात लावायचा, तापू लागला की खूण करायची. नियमात हे बसत नव्हतं, पण चालत आलं होतं.

नुसत्या नैसर्गिक वायूवर इंजिन चालायचं, तेव्हा थोरला खुशाल पेंगायचा. त्यात हायड्रोजन मिसळू लागले आणि त्याची झोपच उडाली. हा वायू भलताच उतावळा. आतला जळका धूर निघून जायच्या आधीच त्याचा फवारा सोडला, तर तो त्या धगीनेच पेट घेतो आणि जाळ उलटा पाइपात येतो. आज फवारा किती आधी सोडता येतो, तेच पाहायचं होतं. थोरला सकाळपासून धास्तावला होता. पण घाबरलो म्हणायची सोय नव्हती. घरात मोठा तोच.

"काका, अजून थोडं आधी घेऊ या," शेजारच्या इंजिनिअर मॅडम म्हणाल्या.

"जपून हं मॅडम. आत माणूस आहे."

त्यांनी फवाऱ्याच्या वेळेचा आकडा बदलला. इंजिन दोनदा अडखळलं आणि धाडकन आवाज झाला. काच हादरली. पाइपाच्या सांध्यातून जाळ उसळला, धाकटा भिंतीवर आदळला.

थोरल्याने बटण दाबलं. इंजिन थांबेना. पुन्हा दाबलं. पुन्हा धडाका. तो पिवळं बटण दाबत होता, नैसर्गिक वायू तोडायचं. हायड्रोजनचं लाल बटण वीतभर पलीकडे होतं, आणि ते आधी दाबायचं हे त्याला पाठ होतं. पण जन्मभराची सवय, हात ऐकेचना. शेवटी मॅडमनी त्याच्या अंगावरून वाकून लाल बटण दाबलं.

धाकटा बाहेर आला तो हसतच. भुवया तेवढ्या होरपळल्या होत्या. "दादा, तू होतास म्हणून वाचलो रे! दुसरा कोणी असता तर माझा कोळसाच झाला असता."

मॅडम आकडे उतरवू लागल्या. थोरल्याने नुसती मान डोलावली असती, तर गोष्ट तिथेच मिटली असती.  जाळ पाहूनही वाटली नव्हती इतकी भीती त्याला आता वाटली.

"मी नाही बंद केलं. मॅडमनी केलं. मी पिवळंच दाबत बसलो."

धाकट्याचं हसू मावळलं. तो भावाच्या हाताकडे बघत राहिला.

दुपारी सांधा आवळून झाला, फवारा पुन्हा उशिरावर नेला. सांधा गळत नाही ना, हे चालत्या इंजिनापाशी जाऊनच पाहावं लागणार होतं. धाकटा दारापर्यंत गेला आणि घुटमळला. आजवर तो कधी घुटमळला नव्हता.

"थांब," थोरला उठला. "तू बस इथं. आत मी जातो."

"दादा, अरे तुला सवय नाही."

"सवयीचं नको सांगूस. बस."

दार मागे बंद झालं. इंजिन सुरू झालं. थोरल्याने तळवा पाइपवर टेकवला. पाइप गार होता, तरी तो हात काढेना. काचेपलीकडे धाकटा पुढे झुकून बसला होता, दोन बटणांवर दोन हात ठेवून, भावावरची नजर न हलवता.