पिवळा फ्रॉक

“हे कुठून आणलंस?” बाईंनी कार्ड टेबलावर ठेवत विचारलं.

शिडी उभी राहिली. उंचीमुळे सगळा वर्ग तिला शिडीच म्हणायचा. मधल्या सुट्टीत बाईंनी तिला एकटीलाच थांबवून घेतलं होतं.

“काय, बाई?”

“हेच. ‘पिवळा फ्रॉक आवडायचा. र म्हणता यायचा नाही. झोपताना भावाला गोष्ट सांगायला लावायची.’”

इतिहासाच्या या बाईंना शाळेत पुरावाबाई म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. चहात साखर कमी आहे म्हटलं तरी ही पुरावा मागते, असं त्यांचे यजमान आल्यागेल्याला सांगत. नववीला वंशसंहार शिकवताना त्या पुस्तक मिटून ठेवत. फार वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या गावात एका समाजाची माणसं वेचून वेचून मारली गेली होती. त्यांतलं एकेक नाव त्या एकेका मुलाला देत. पालिकेची दफ्तरं, जुनी वर्तमानपत्रं, त्यातून जिवंत सुटलेल्यांच्या मुलाखतींच्या टेप, सगळं धुंडाळून त्या माणसाचं कार्ड करायचं. मेला कसा ते अगदी शेवटी, आधी जगला कसा ते. यंदा कुणाच्या वाट्याला न्हावी आला होता, कुणाच्या गणिताचे मास्तर.

शिडीच्या वाट्याला चार वर्षांची मुलगी आली होती. ती बाईंची आत्या होती, पण बाईंचं माहेरचं आडनाव वर्गात कोणाला माहीत असणार? वडील त्या गावातून एकटेच सुटले. बहिणीचा विषय निघाला की ते उठून आतल्या खोलीत जात, आणि तसेच काही न सांगता वारले. बाईंनी सगळी दफ्तरं पालथी घातली होती. नाव आणि वय, यापलीकडे काही हाती लागलं नव्हतं. म्हणून या वर्षी त्यांनी ते नाव वर्गातल्या सगळ्यात चिवट पोरीला दिलं. सकाळी कार्ड वाचताना त्यांना आधी खराच आनंद झाला होता.

“कोणत्या टेपमध्ये आहे हे?”

शिडी खाली बघत म्हणाली, “कुठेच नाही, बाई. बाकीच्यांची कार्डं भरली. न्हाव्याच्या दुकानाचा तर फोटोपण सापडला. हिचं काहीच नव्हतं. मग मी थोडं दिलं तिला.”

बाईंनी रागवायला हवं होतं, पण राग येईना. हेडमास्तरांना ते कार्ड फार आवडलं होतं. शाळेच्या प्रदर्शनात दर्शनी भागी लावू म्हणाले होते. तोंड मिटून बसलं की झालं, आणि खरं सांगायचं तर बाईंना स्वतःलाच तो फ्रॉक हवा होता.

“असं काही घडलंच नाही म्हणणारे अजून आहेत,” त्या म्हणाल्या. “तेही प्रदर्शनाला येतील. फ्रॉक खोटा निघाला, तर मुलगीही खोटी म्हणायला मोकळे.”

“पण मग नुसतं नावच राहतं हो.”

“राहू दे. खोड.”

शिडीनं खोडरबर काढलं. फ्रॉक गेला, र गेला. भावापाशी ती थांबली. “भाऊ तरी ठेवू? असेल की एखादा.”

“भाऊ होता,” बाई म्हणाल्या.

“कशावरून?”

प्रश्न रास्त होता. तो विचारायला त्यांनीच शिकवलं होतं.

“मी त्याची मुलगी.”

शिडीनं समोरची खुर्ची ओढली, बसली, आणि टेपमध्ये मुलाखत घेणारे म्हाताऱ्यांशी बोलतात तशा हलक्या आवाजात म्हणाली, “कसे होते तुमचे वडील?”

“अबोल.” बाई म्हणाल्या. “रस्ता ओलांडताना माझा हात फार घट्ट धरायचे. मी नोकरीला लागले तरी धरायचे. दुखायचा गं. लोकांसमोर लाज वाटायची, मी सोडवून घ्यायचे.”

“हे लिहू, बाई?”

“नको. यावरून काही सिद्ध होत नाही.”

शिडीनं पेन्सिल खाली ठेवली. घंटा झाली, मुलं वर्गात येऊ लागली, तरी बाई सांगतच राहिल्या.