फडक्यावरचं तेल

रविवार, ३ डिसेंबर २००६. सकाळी सव्वाआठ वाजता बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या एका सोसायटीच्या फळ्यावर खडूनं दोन ओळी लिहिल्या गेल्या : ‘गाड्या धुणारे लवू यांस इंजिन ऑइलच्या चोरीबद्दल आजपासून आवारात येण्यास मनाई आहे. सेक्रेटरी.’

सेक्रेटरी म्हणजे दत्ताराम. विमा कार्यालयात दाव्यांचे कागद तपासण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. पुराव्याशिवाय सही न करणारा माणूस, असा लौकिक होता.

पंधरा दिवसांपासून त्यांच्या गाडीत जळका वास येत होता. गाडी सिग्नलला थांबली की जास्तच.

“अहो, कढईत तेल करपल्यासारखा वास येतोय,” त्यांच्या पत्नी मनोरमाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

“बाहेरच्या ट्रकचा असेल. तू काच लाव.”

मग एकदा बोनेट उघडून त्यांनी ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! महिन्यापूर्वी तर भरलं होतं. गेलं कुठं? गाडी आतून पुसण्यासाठी दर शनिवारी किल्ली लवूकडे असायची. त्या रविवारी सकाळी त्याच्या बादलीत एक काळं, तेलकट फडकं सापडलं आणि दत्तारामांना पुरावा मिळाला.

जवळच्या गोडदेव गावचा लवू साठीला आलेला. हात पुसत उभा राहिला.

“मी न्हाय काढला त्याल, साहेब. गारीखाली परलेला, त्यो पुसला. तुमाला सांगितलावता ना मी?”

सांगितलं होतं खरंच. दिवाळीनंतर, जिन्यात. तेव्हा दत्तारामांना ऑफिसची घाई होती. “बरं बरं” म्हणून ते निघून गेले होते. आता मात्र ते आठवण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यात दुसऱ्या मजल्यावरचे शहाभाई मागून म्हणाले, “दत्ताभाई, आज ऑइल गया, कल स्टेपनी जाएगी!”

लवूनं बादली पंपाच्या खोलीशी उपडी घातली आणि तो गेटबाहेर गेला. त्यानं वाद घातला नाही, हाही त्याच्या गुन्ह्याचा पुरावाच ठरला.

वास मात्र गेला नाही. शनिवारी, ९ तारखेला दत्तारामांनी गाडी जवळच्या हाटकेश भागात समाधान मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये नेली.

“ऑइल चोरीला जात होतं,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “चोर पकडला, काढून टाकला. आता तेवढा वास बघ.”

समाधाननं बोनेट उचललं. “काका, चोर गेला, मग वास कशाला मागं राहिला?”

दत्ताराम हसले. समाधान हसला नाही. टॉर्च घेऊन तो गाडीखाली सरकला आणि त्यानं त्यांनाही वाकायला लावलं.

“हा खालचा नट बघा. इंजिनातलं ऑइल काढायचं तर हा खोलावा लागतो. याच्यावर पावसाळ्यातला चिखल सुकलाय अजून. पाना लागलेलाच नाही.” मग उठून त्यानं इंजिनाच्या वर बोट ठेवलं. “आणि हे टॅपेट कव्हर, इंजिनाचं वरचं झाकण. याचं रबरी पॅकिंग कडक होऊन चिरलंय. इथून ऑइल झिरपतं, खालच्या तापलेल्या पाइपवर पडतं आणि जळतं. तोच वास. जळत नाही ते ठिबकतं जमिनीवर. खाली कधी डाग दिसले नाहीत तुम्हाला?”

डाग! डाग कसे दिसणार? रोज सकाळी लवू ते पुसून ठेवत होता!

तासाभरात नवं पॅकिंग बसलं. पाइप पुसला, ऑइल भरलं, इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. वास थांबला. दत्ताराम स्टुलावर बसून राहिले.

“काका, रागावू नका,” समाधान हात धूत म्हणाला. “माझे वडील औरंगाबादकडून इथं आले, तेव्हा कारखान्यात काही हरवलं की पहिली झडती त्यांची व्हायची. वस्तू नंतर सापडायची. पण ‘सापडली’ असं कोणी चारचौघांत सांगायचं नाही. गाडीला वास आला तर तुम्ही तपासायला आणलीत. माणसाला तपासलंत का?”

दत्तारामांनी पैसे चुकते केले आणि गाडी घराकडे वळवली.

त्याच संध्याकाळी दत्तारामांनी फळा पुसला आणि स्वतःचं नाव घालून लिहिलं : ‘लवू निर्दोष आहेत. गाडीत बिघाड होता. खोटा आळ मी, दत्तारामनं घेतला.’ शहाभाई म्हणाले, “इतना लिखने की क्या जरूरत थी?” दत्ताराम म्हणाले, “आळ लिहिला तेव्हा तर विचारलं नाहीत.”

दुसऱ्या दिवशी पतिपत्नी गोडदेवला गेली. लवूच्या बायकोनं, मंदानं, दार अर्धंच उघडलं.

“ते न्हाय घरान. उत्तनला बहिणीकरं गेलेत.” मग मनोरमाबाईंकडे पाहून ती म्हणाली, “आमची सून तुमच्याच बिल्डिंगीन पोल्या कराला येते. तो फला तिनं वाचला. सासऱ्याचा नाव.”

“वहिनी, मी चुकलो,” दत्ताराम म्हणाले.

“हां,” मंदा म्हणाली. “सांगीन त्यांना.”

आपल्या प्रत्येकाच्या इमारतीत असा एक फळा असतो. खडूचा नसला तरी जिभेचा असतो. त्यावर गरिबाचं नाव लिहिण्याआधी नट तपासावा, आणि तो आधी काय सांगून गेला होता ते आठवावं. नाव पुसायला फडकं पुरतं. वाचलेलं पुसायला पुरत नाही.

रविवार, ३१ डिसेंबर. दत्तारामांची गाडी ठीक चालतेय. त्यांनी लिहिलेल्या ओळी अजून फळ्यावर आहेत. पंपाच्या खोलीशी बादली उपडीच आहे. लवू अजून आलेला नाही.