बादलीतला सेनापती

मी एक जुना प्लास्टरचा रोमन सेनापती आहे, मित्रांनो; म्हणजे मानेपासून वरचा. माझे नाव अग्रिप्पा. जपानमध्ये चित्रकलेच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुले माझ्यासारखी डोकी समोर ठेवून रेखाटन शिकतात. साच्यातून निघालो तो थेट एदोगावा भागातल्या अशाच एका वर्गाच्या फळीवर बसलो.

तीस वर्षे मुले माझ्याकडे टक लावून बघत होती, पण तू कोण रे बाबा, असे एकानेही विचारले नाही. खऱ्या अग्रिप्पाने समुद्रावरच्या लढाया जिंकल्या, पण सम्राटपद मिळाले त्याच्या मित्राला. रोमला पाणी याने आणले, गटारेसुद्धा साफ करवली. विजयाची मिरवणूक देऊ केली, तर नको म्हणाला! कष्ट याचे, नाव त्याचे. अशा भोळसटाची मला कीव नाही, चीड येते. आणि या मुलांचे दुःख काय, तर माझ्या कपाळाची सावली जमत नाही.

२०११च्या भूकंपात मी फळीवरून पडलो आणि नाकाचा शेंडा गेला. लगेच माझी रवानगी कपाटात झाली. काही वर्षांनी वर्ग बंद पडला, तेव्हा सरांनी मोठ्या कचऱ्याची चिठ्ठी माझ्या कपाळावर चिकटवली. ती लावली की कचऱ्याची गाडी येऊन घेऊन जाते. केतकी ही तिथली शेवटची विद्यार्थिनी. तिची परीक्षा आठवड्यावर आली होती आणि सरावाला दुसरे डोके नव्हते. तिने चिठ्ठी सोलली, मला सायकलच्या टोपलीत घातले आणि घरी नेले.

तिचे बाबा शैलेंद्र मूळचे पेणचे. नोकरी संगणकाची, पण घराणे गणपती घडवणारे. मला बघताच म्हणाले, "खंडित मूर्ती घरात नको." दुसऱ्या दिवशी केतकी बाहेर गेली असताना त्यांनी गॅलरीत बादली भरली, हात जोडले आणि मला उलटा बुडवला. कचऱ्यात टाकण्याआधी विसर्जन! समुद्र जिंकणाऱ्याला बादलीत जलसमाधी! प्लास्टर विरघळत नाही, एवढेही पेणच्या माणसाला आठवू नये?

तेवढ्यात केतकी परत आली. "बाबा, हा देव नाहीये, सेनापती आहे! एक्झामला हाच येतो, आणि तुम्ही..." मला छातीशी धरून ती रडू लागली.

शैलेंद्र ओशाळले. "दे इकडे. नाक करता येतं मला," म्हणाले. त्यांनी मला दोन दिवस वाळवले, प्लास्टर कालवले आणि चमच्याने, नखाने नवे नाक घडवले. ते जरा जाडच झाले. मी नाक मुरडले असते, पण ते ओले होते. केतकी उरलेले सगळे दिवस माझ्यासमोर बसली.

ती पास झाली. सरावाचे शेवटचे चित्र आता त्यांच्या भिंतीवर आहे. खाली तिने लिहिले आहे, 'चित्र : केतकी. नाक : बाबा.' शैलेंद्र लाजून म्हणत होते, "अगं, माझं कशाला?" तिने ऐकले नाही. रोमच्या सम्राटाला एवढे सुचले नव्हते.

मित्रांनो, तुटलेले टाकण्याआधी जोडून बघा. आणि जोडणाऱ्याचे नाव खाली लिहा. तो नको म्हणाला, तरी लिहा.