नळाखालची प्रार्थना

आमच्यात वाचन माझं आणि प्रार्थना त्यांची, अशी वाटणी होती. कुणी ठरवून केली नव्हती. लग्नानंतर पलंगाची भिंतीकडची बाजू जशी माझी झाली आणि माझीच राहिली, तसंच हेही. मी शाळेत बाई होते. वर्ग कितीही दंगा करत असला तरी माझ्या एका हाकेत गप्प व्हायचा. पण देवाशी मोठ्याने बोलायची वेळ आली की मला तोच आवाज लागायचा. एकदा घरी जेवणाआधी मी प्रार्थना केली. आमेन झाल्यावर हे म्हणाले, "अगं, तू देवाला गृहपाठ दिलास." आमचा लेक हसता हसता टेबलाखाली गेला. तेव्हापासून माझी प्रार्थना मनातल्या मनात, आणि मोठ्याने ती त्यांची.

ते प्लंबर होते. प्रार्थनाही कामासारखीच करायचे, गळतंय तिथे बोट ठेवून. "प्रभू, या घरातल्या आजीला झोप लागत नाही, ती लागू दे. जिन्यातला दिवा गेलाय, तो मालकाच्या ध्यानात येऊ दे. आमेन." फुलं-तारे काही नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस शेजारच्याच खोलीतल्या कुणाशी बोलतोय.

आम्ही दोघं कामातून मोकळे झालो आणि चर्चच्या मंडळीत एकदा विचारणा झाली, की मिशनच्या सेवेला दोन वर्षं परगावी जायला वयस्क जोडपी हवी आहेत. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. लेक म्हणाला, "या वयात लोक गुडघे बदलतात, तुम्ही गाव बदलताय."

"तुझ्या आईचे गुडघे आधीच कुरकुरतात," हे म्हणाले, "तिथल्या लोकांना ते नवीन वाटेल."

उपासनेच्या सभागृहावरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. खिडकीखाली बेकरीचं मागचं अंगण. पहाटेपासून भाजलेल्या पावाचा वास घरात यायचा आणि डॉक्टरांनी यांना मैदा बंद केलेला! काम साधंच होतं. रविवारी खुर्च्या मांडायच्या, उपासनेनंतर चहा द्यायचा, कप विसळायचे, खुर्च्या उचलायच्या. एरवी घरभेटी. मंडळीतले आजारी, म्हातारे, एकटे, त्यांच्याकडे जायचं. त्याची एक रीत होती. एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. एकाने शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, दुसऱ्याने प्रार्थना करून निघायचं, आणि प्रार्थना मिशनच्या माणसानेच करायची. प्रार्थनेशिवाय भेट धरत नसत.

तिथल्या मंडळीचे पाळक सायकलवर फिरायचे. उंच, बारीक, घंटी वाजवायला लाजणारे. गर्दीत सायकलवरून "माफ करा, माफ करा" म्हणत जायचे. त्यांनीच आम्हाला शिवणवालीचं घर दाखवलं. तिची मुलगी पूर्वी मंडळीत यायची. लांब राहायला जाताना पाळकांना सांगून गेली होती, की आईकडे कुणीतरी जात जा.

शिवणवाली तिसऱ्या मजल्यावर राहायची. पाय सुजून खांबासारखे झालेले, जिना उतरणं बंद. खोलीत एक शिवणयंत्र, कापडाच्या तुकड्यांनी भरलेली पोती आणि खिडकीशी तिची खुर्ची. पहिल्याच दिवशी दार उघडून तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत मापं घेतल्यासारखं पाहिलं.

"वाचायचं तर वाचा, गोष्ट ऐकायला माझं काय जातं. पण प्रार्थना माझ्या खोलीत नको. नवरा अंथरुणावर होता तेव्हा मी सगळी करून संपवली."

आता आली का पंचाईत? मी यांच्याकडे पाहिलं. यांचे कान मात्र आतल्या बाजूला.

"तुमचा नळ गळतोय."

"गळतोय. त्याला काय करायचं, बाप्तिस्मा?"

"वायसर बदलायचा," हे म्हणाले आणि मोरीकडे गेले. पुढच्या आठवड्यात पिशवीत पान्हा आणि वायसर घेऊन आले. मी खिडकीशी बसून वाचत होते आणि ते आत नळाखाली गुडघ्यांवर. वाचून झालं तसा आतून त्यांचा हळू आवाज आला. "प्रभू, या बाईंच्या पायांना आराम पडू दे. लेकीला सवड होऊ दे. आणि या नळाचा आटा झिजलाय, तो जरा टिकू दे. आमेन."

शिवणवालीने भुवया वर केल्या. "नळाशी बोलतात वाटतं तुमचे हे?"

"जुनी खोड आहे," मी म्हटलं.

"बोलू दे. मोरी काही माझी खोली नाही."

अशी तडजोड झाली. दर मंगळवारी आम्ही जायचो. ती आम्हाला 'कात्री' म्हणायची. जिन्यात पावलं वाजली की आतून हाक यायची, "आली का कात्री, माझी दुपार कापायला?" आणि आमच्या आधी चहाचं आधण ठेवलेलं असायचं. नळ दुरुस्त व्हायचा आणि पुन्हा गळायचा. ज्या माणसाने अख्ख्या वसाहतीच्या टाक्या जोडल्या, त्याला हा एक नळ दाद देईना, हे मला पटायचं नाही. एकदा जिना उतरताना मी विचारलंच.

"अहो, तो नळ खरंच बरा होत नाही, की तुम्ही करत नाही?"

"आटाच गेलाय त्याचा. अख्खा नळ बदलायला हवा."

"मग बदला की!"

"बदलला, तर पुढच्या मंगळवारी प्रार्थना कुठे करू?"

एके दिवशी मोरीत नळाखाली एक उशी दिसली. कोटांच्या उरलेल्या कापडाची, काळी-करडी, चारी बाजूंनी दुहेरी टीप घातलेली. शिवणवाली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांचे गुडघे फरशीवर वाजतात, माझ्या कानाला त्रास होतो." यांनी उशीवर गुडघे टेकून पाहिलं आणि आतून म्हणाले, "बाई, एवढी मऊ उशी राजाच्या राज्याभिषेकालाही नसेल."  त्या दिवशी चहात साखर जास्त होती.

हे जिन्याच्या वळणावर थांबायला लागले होते ते माझ्या लक्षात आलं होतं. कठडा हलवून बघायचे, हा सैल झालाय म्हणायचे. कठडा काही सैल नव्हता. मीही म्हणायचे, "हो, जरा सैलच वाटतोय," आणि त्यांची धाप ओसरेपर्यंत तिथे उभी राहायचे.

दुसरं वर्ष अर्ध्यावर आलं होतं. सकाळची वेळ. मी स्वयंपाकघरात चहा गाळला आणि हाक मारली, "अहो, चहा निवतोय." उत्तर आलं नाही. म्हणून दुसऱ्यांदा जरा शाळेच्या आवाजात ओरडले. मग हात पुसत खोलीत गेले. ते पलंगाच्या कडेवर बसले होते, उशाकडच्या भिंतीला टेकून. एक बूट पायात, दुसरा हातात.

एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी बोललेला शेवटचा शब्द तो. ओरडून.

त्यांना त्याच गावच्या दफनभूमीत ठेवलं. सायकलवाले पाळक कबरीशी शास्त्र वाचताना दोनदा अडखळले. लेक आला होता. तो माझी बॅग भरायला लागला तेव्हा मी ती पुन्हा रिकामी केली.

"आई, असं काय करतेस? घरी चल."

"मुदत पुरी व्हायची आहे अजून."

"देव काय हजेरी घेतोय का?"

"घेतो," मी म्हटलं.

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. मी गेले असते तर हे तिथे एकटे राहिले असते. जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं अशा गावात, भिंतीकडची जागा रिकामी ठेवून. निदान मुदत संपेपर्यंत तरी मला त्यांच्याजवळ राहायचं होतं.

लेक परत गेला. पाळक वर आले, खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "मी मिशनच्या कार्यालयाशी बोललोय. तुम्हाला राहू द्यायला ते तयार आहेत. घरभेटींना सुरुवातीला मी सोबत येईन. पुढे मंडळीतली एखादी बहीण देऊ, ती वाचेल. पण बाई, प्रार्थना तुम्हाला करावी लागेल. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

ते गेल्यावर मी खाली सभागृहात गेले. खुर्च्या मांडलेल्या होत्या, मीच मांडल्या होत्या. त्यांच्यापुढे उभी राहून म्हटलं, "हे प्रभू, आम्ही तुझ्यापुढे..." रिकाम्या सभागृहात माझा आवाज घुमला. वाटलं, आता मागच्या बाकावरचं कुणीतरी उठून म्हणेल, बाई, मी नव्हतो बोलत. मला हसू आलं. मग ते हसू काही केल्या थांबेना आणि कधी त्याचं रडू झालं ते कळलं नाही.

मंगळवारी पाळक आणि मी शिवणवालीकडे निघालो. मधला एक मंगळवार चुकला होता. खाली उतरत नसल्यामुळे तिला काही कळलेलं नसणार, हे मला ठाऊक होतं, आणि ते सांगायचं काम माझंच होतं. वळणावर मी थांबले. कठड्याला हात लावला. पक्का होता. पाळक माझ्यामागे दोन पायऱ्या खाली गुपचूप उभे राहिले.

दार ढकललं. शिवणवाली खिडकीशीच बसली होती, रागाने.

"मागच्या वेळी आधण आटून गेलं माझं! आणि आज अर्धीच कात्री? दुसरं पातं काय धार लावायला दिलंय?"

 माझ्या हातात त्यांची पिशवी होती, पान्ह्याची. सवयीने आणली होती. तिने त्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या पाळकांकडे, मग पुन्हा पिशवीकडे. तिचं तोंड उघडं होतं ते हळूहळू मिटलं.

"बसा," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या जिभेला काही हाड नाही हो."

"त्यांना आवडायचं," मी म्हटलं.

पाळकांनी वाचलं. घाईघाईने, मान खाली घालून. वाचन संपलं आणि मी वाट पाहत बसले.

हो, वाट पाहत. वाचन संपलं की आतून त्यांचा आवाज यायचा, तो यायची वाट. मान वाकवून, डोळे मिटून, हात मांडीवर. मोरीत नळ टपटपत होता. मला वाटलं, आज यांना उशीर का होतोय, आटा जास्तच गेलाय की काय. किती वेळ गेला कोण जाणे. पाळक खाकरले नाहीत, हलले नाहीत. शेवटी शिवणवालीच बोलली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"बाई, ते नाही म्हणणार आता. तुम्ही म्हणा." मग जरा थांबून, "इथेच म्हणा. माझ्या खोलीत म्हणलं तरी चालेल."

मी उठले. पण मला तिथे म्हणवेना. मी मोरीत गेले. उशी नळाखाली होती. मधोमध दोन खळगे पडलेले, त्यांच्या गुडघ्यांचे. मी माझे गुडघे त्या खळग्यांत ठेवले. ते मला मोठे होत होते.

तोंड उघडलं. मनात सगळं होतं. तिचे पाय होते, तिची लेक होती, तो एक बूट होता. पण एकही शब्द बाहेर येईना. समोर थेंब जमत होता, फुगत होता, पडत होता.

"प्रभू," मी म्हटलं, "हा नळ गळतोय."

त्यापुढे काही आलं नाही. आमेनसुद्धा नाही.

पाळकांनी मला उठवलं. आम्ही निघालो तेव्हा शिवणवाली खिडकीकडे तोंड करून बसली होती. पाळक म्हणाले, "नळासाठी मी कुणाला तरी पाठवतो."

"कुणाला पाठवू नका," ती म्हणाली. "गळू दे. अजिबात हात लावायचा नाही त्याला कुणी."

रस्त्यात पाळक सायकल हातात धरून माझ्या बाजूने चालत होते. बेकरीपाशी आल्यावर म्हणाले, "बाई, देवाला तेवढीही प्रार्थना पुरते."

"देवाला पुरेल," मी म्हटलं. "पण त्या खोलीत मी वाटच बघत बसणार हो, प्रत्येक वेळी. प्रत्येक घरात. लोकांना आधार द्यायला जायचं आणि लोकांनीच मला उठवायचं, ही कसली सेवा?"

त्यांनी मला अडवलं नाही. अडवलं असतं तर कदाचित राहिले असते. भला माणूस होता, लाजाळू.

त्याच संध्याकाळी मी लेकाला फोन केला. निघायच्या आधी दफनभूमीत गेले. तिथे तरी काही म्हणता येईल असं वाटलं होतं. फाटकातून बाहेर पडताना फक्त म्हटलं, "अहो, येते मी." आम्ही दोघं कुठेही एकटं जात नव्हतो. त्या दिवशी मी त्यांना तिथे एकट्याला सोडून आले.

याला आता बरीच वर्षं झाली. शिवणवालीही गेली, असं पाळकांकडून कळलं. मी लेकाकडे असते. घर छान आहे, सगळं नवं. नळसुद्धा नवे, चकचकीत. एकही गळत नाही.

दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की मी माझं शास्त्र उघडते आणि मोठ्याने वाचते. त्याआधी स्वयंपाकघरातला नळ किंचित सैल करून ठेवते, खाली पातेलं ठेवून. वाचून झालं की मान वाकवून बसते.

परवा सून लवकर घरी आली. नळ बंद करत म्हणाली, "आई, पुन्हा नळ चालू राहिला बघा तुमच्याकडून."

"हो गं," मी म्हटलं. "विसरतेच मी हल्ली."