डिकीत बसेल एवढी पेटी

पेटी डिकीत बसली तसा शिवयोगीच्या जिवात जीव आला, पण तो झाकण लागेपर्यंतच टिकला. झाकण लागलं आणि बजाबाईचं गाठोडं तेवढं बाहेर उरलं.

"आन् ह्ये?" बजाबाईनं विचारलं. ती गाण्याच्या पार्टीतल्या गायिकेची, विजयमालाची मावशी. पार्टीचे कपडे, भाकऱ्या आणि भांडणं, तिन्ही तीच सांभाळायची.

"मांडीवर घ्या की, मावशी."

"मांडीवर बाजाची पेटी हाय. दुसरी मांडी आनू व्हय कुटनं?"

हिंदुराव अ‍ॅम्बॅसेडरच्या काचेवर फडकं मारत होते. गाडी त्यांची, पार्टीही त्यांची. ते शांतपणे म्हणाले, "हे बघ शिवयोगी, आज करमाळ्यात डग्गा शेवटच्या रांगेत ऐकू आला तर तू पार्टीतला मानूस. न्हाय आला, तर आपले जुने कर्णे बरे. आन् कर्णे टांगायला कुनीबी मिळतंय."

शिवयोगीनं मान हलवली. सोलापुरातल्या आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून बसून त्याला वीट आला होता. त्याला पार्टीबरोबर हिंडायचं होतं. एक वायर दुकानात राहिली आहे हे आठवून तो धावतच सुटला. परत आला तेव्हा गाठोडं दिसत नव्हतं आणि बजाबाई मागच्या सीटवर समाधानानं पान लावत होती. काही विचारायचं त्याला सुचलं नाही.

सगळं सुरू झालं होतं पार्टीचे तबलजी भीमाशंकरअण्णांच्या डग्ग्यापासून. कर्ण्यांतून गाणं कोसभर जायचं, पण डग्ग्याचा घुमारा स्टेजवरच मरायचा. "लांबून बघनाऱ्याला वाटतंय, मी डाव्या हातानं माश्या हाकलतोय," असं अण्णा म्हणायचे. शिवयोगीकडे भंगारात मिळालेला, सिनेमाच्या पडद्यामागचा एक थोराड स्पीकर होता. त्याला कपाटाएवढी पेटी हवी आणि जागा होती ती डिकीची. तीही डावीकडे स्टेपनी उभी, मागं उतार, वर झाकणाचा बाक. त्यानं आधी पुठ्ठ्याची पेटी केली, ती डिकीत कोंबून पाहिली, कापली, पुन्हा कोंबली. मग त्याच मापानं प्लायवूड कापलं.

पेटी लहान पडल्यामुळे आवाज नुसता ढब्‌ढब् यायचा. म्हणून त्यानं तिला गळा दिला. पुढं खालच्या अंगाला हात जाईल एवढं आडवं तोंड आणि तिथून आत जाणारा लाकडी बोगदा. सरळ बोगद्याला पेटीची खोली पुरेना, तेव्हा तो मागच्या फळीपाशी वर वळवला. बोगदा लांब झाला की सूर खाली जायचा, आखूड झाला की वर चढायचा. नेमकी लांबी सापडेना. शेवटी त्यानं पेटी उताणी ठेवली, कपाळाची चिमूटभर विभूती स्पीकरच्या हलणाऱ्या कागदावर टाकली आणि दुकानातल्या सूर काढणाऱ्या यंत्रावर अण्णांच्या डग्ग्याचा सूर लावला. विभूती नाचली. बोगद्याची फळी थोडी सरकवली, पुन्हा नाचली. असं करता करता एका जागी विभूती निजल्यासारखी पडून राहिली. कागद जवळजवळ थांबला होता, बोगद्याच्या तोंडातून तळहातावर वारा येत होता आणि दुकानाच्या फळ्या थरथरत होत्या.

आता करमाळ्याच्या बाजार आवारात, माणसं जमलेली असताना, तीच पेटी घुमेनाशी झाली होती. अण्णा डग्ग्यावर हात घालत होते, पेटी ढब्‌ढब् करत होती. शिवयोगीनं वायरी ओढून पाहिल्या, बॅटरी पाहिली, अ‍ॅम्प्लिफायरला कान लावला. पुन्हा वायरी पाहिल्या. शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ओ, कर्णे लावा की! तबलजी उपाशी हाय काय?"

हिंदुरावांनी गावातले कर्णे आणायला माणूस पाठवला. शिवयोगीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

शिवयोगीनं पेटी उताणी केली. कपाळाला बोट लावलं, विभूती कागदावर झाडली. "अण्णा, एकदाच मारा. घुमवून."

अण्णांनी मारला. विभूती उडाली ती त्याच्या डोळ्यांत. त्यानं बोगद्याच्या तोंडाशी हात धरला. वारा नाही. हात आत घातला, तो मनगटापर्यंत गेला आणि कशाला तरी मऊ लागला.

"उंदीर?" अण्णा म्हणाले.

तेवढ्यात बजाबाई घाईघाईनं आली. "पेटी उगडतूस व्हय? बरं झालं. विजयमालाचा शालू दे त्यातला, मध्यंतराला लागतोय."

"मावशी, तुम्ही ह्यात लुगडी घातली?"

"मग? एवढी थोरली पेटी, आत नुसती पोकळ! गाठुडं बाहीर टाकलंस आन् रिकामी जागा फिरवतूस गावभर!"

"ती रिकामीच लागते!"

"का? वाऱ्याला बसवून न्यायचंय व्हय?"

शिवयोगीला होय म्हणायचं होतं, पण वेळ नव्हता. त्यानं बोगद्याच्या तोंडातून एक हिरवा शालू ओढला. मागोमाग दोन लुगडी आली, एक परकर आला. जादूचा खेळ समजून पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. आणखी एक पातळ बोगद्याच्या वळणात अडकलं होतं. ते त्यानं वायरीचा आकडा करून फाडतच बाहेर काढलं.

"फाडलंस!" बजाबाई किंचाळली.

अण्णांनी डग्ग्यावर मनगट घासलं. घुमारा जमिनीतून आल्यासारखा उठला आणि धान्याच्या पोत्यांवर बसलेली माणसं नकळत पोत्यांना हात लावून बघू लागली. शेवटच्या रांगेतला ओरडणारा उभा राहिला. अण्णा आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर हिंदुराव डिकीपाशी आले. "पेटी येनार. करकंबला, जेऊरला, सगळीकडं."

शिवयोगी हसला.

"पन गाठुडं पेटीत जात न्हाय, डिकीत मावत न्हाय, मग तुझ्या सीटवरच ठेवावं लागंल." त्यांनी डिकीचं झाकण लावलं. "तू एसटीनं येत जा."

आठवड्यानं करकंबला जाणाऱ्या एसटीत बसायला जागा होती, तरी शिवयोगी दाराशी उभा होता. गाडी दर थांब्याला रेंगाळत होती. सकाळी डिकी भरताना तो तिथं नव्हता. बोगद्याच्या तोंडावर त्यानं तारेची जाळी ठोकली होती खरी, पण घाईत तिला दोनच स्क्रू मारले होते. आणि बजाबाईला स्क्रू फिरवता येतो की नाही, हे काही केल्या त्याला आठवेना.