उतरलेला विंचू

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची. सावर्ड्याच्या आतल्या अंगाला एका आरोग्य केंद्रात नर्स म्हणून वाड्यावाड्या हिंडायला लागले आणि ती जीभ आणखीच धारदार झाली. तिचा मारा सगळ्यात जास्त कोणी खाल्ला असेल तर तो कोंडवाडीच्या भागोजीने.

भागोजी विंचू उतरवायचा. बापाकडून आलेली विद्या. पैसा घ्यायचा नाही, कोणाला नाही म्हणायचं नाही, बोलावणं आलं की भरल्या ताटावरून उठायचं, असे तिचे नियम. निर्गुडीचा डहाळा खांद्यापासून खाली फिरवत तो पुटपुटायचा आणि मधेच विचारायचा, "कुठवर आला?" माणूस म्हणायचा, कोपरापर्यंत. मग मनगटापर्यंत. मग बोटात. मग एकदाचा म्हणायचा, गेला. गेला म्हटलं की घरची मंडळी नारळ फोडायची आणि भागोजी नारळाची एक कवड घेऊन आपल्या घरी जायचा.

आणखी एक नियम होता. विंचू उतरलेल्या माणसाने दुसरा दिवस उजाडेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. प्यायचं नाही आणि वाहतं पाणी ओलांडायचंही नाही, कारण विंचू पाण्याच्या वाटेने परत वर चढतो. आता कोंडवाडी आणि आमचं केंद्र यांच्या मधोमध वहाळ. म्हणजे ज्याचा विंचू उतरला तो आमच्याकडे यायचाच नाही. ज्याचा उतरला नाही, जो वाडी डोक्यावर घ्यायचा, त्यालाच तेवढा वहाळावरच्या साकवावरून उचलून आणायचे. आम्ही सुई टोचायचो, तो दिवसभर बोंबलायचा आणि बरा होऊन जायचा. मला वाटायचं, आपणच बरं केलं. तेव्हा मी भागोजीला नावं ठेवायचे ती फुकट मिरवतो म्हणून. विंचवाचा खरा प्रकार मलाही ठाऊक नव्हता.

चौऱ्याऐंशी साली डॉक्टर मुळ्ये आले. पोरगेलेसे, मिशीही धड न फुटलेले, पण विंचू म्हटलं की अंगात आल्यासारखे करायचे. कुठे विंचू लागल्याचं कळलं की रक्तदाबाचं यंत्र काखेत मारून निघाले. जे मेले होते त्यांच्या घरी जाऊन खोदून खोदून विचारायचे. मी म्हटलं, डॉक्टर, जिवंतांचं बघा, मेलेल्यांना कसला रक्तदाब! ते हसले नाहीत. त्यांना हसायला वेळच नसायचा.

वर्षभराने त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. लोक भितात ती मोठ्या काळ्या इंगळीला, आणि मारतो तो बोटाएवढा तांबडा विंचू. जो दुखण्याने ओरडतो तो बहुतेक जगतो. ज्याचं दुखणं आपोआप थांबतं, अंगाला पाण्यासारखा घाम सुटतो, हातपाय गार पडतात, तो जातो. विष बोटातून निघून गेलेलं नसतं, ते हृदयाशी पोचलेलं असतं. हे त्यांनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना कळवलं, तर उत्तर आलं की तुमचं यंत्र एकदा तपासून घ्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! मुळ्यांनी पत्र बाजूला ठेवलं आणि एका मित्राकडून रक्तदाबाची एक नवी गोळी मागवली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. पलीकडच्या गावची एक बाई धापा टाकत आली होती, तोंडाला फेस. तिला ती गोळी दिली. संध्याकाळी ती उठून बसली आणि पेज मागायला लागली.

त्याच आठवड्यात भागोजी खोकल्याचं औषध न्यायला आला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही.

"तुम्ही नारळ फोडता ना, त्याच वेळी माणूस मरायला लागलेला असतो," ते म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कोणीतरी त्याला सुनावलं एकदाचं. भागोजी बाटली घेऊन पायरीपर्यंत गेला आणि वळला.

"डाक्टर, लवकर उतरला तर?"

"तर जास्त वाईट."

"धोंडूचा माजा हात लागल्याबरोबर उतरला व्हता," भागोजी म्हणाला. "जाईबायचा तसाच. बाबल्याचा पन." बाटली तशीच कठड्यावर ठेवून तो चालू लागला.

हे तिघेही कोंडवाडीचे, वेगवेगळ्या वेळी विंचू लागलेले. तिघांचेही विंचू उतरले, नारळ फुटले आणि दिवस उजाडायच्या आत तिघेही गेले. वाडीने कधी भागोजीकडे बोट दाखवलं नाही. विंचू तर उतरला होता, मग त्याचा काय दोष? देवचार आडवा आला असेल, कोणाची नजर लागली असेल. धोंडूची बायको तर पुढेही दर गणपतीला भागोजीकडे करंज्यांचं ताट पाठवायची.

त्यानंतर पावसाळाभर मी त्याला पाहिलं नाही. भात पिकायला आलं तेव्हा पोरांना डोस पाजायला कोंडवाडीत गेले. भर दुपार, उन्हाने डोळे दिपत होते. भागोजीच्या खळ्यात तो एकटाच उभा होता आणि सारवलेल्या जमिनीवर पाण्याचे तीन तांबे ओळीने मांडून ठेवत होता.

"कोण पाहुणे आले?" मी विचारलं.

"नेहमीचेच," तो म्हणाला. "तहानलेले हायत. त्या येळी मी पानी दिऊ दिला नव्हता."

"कोणाला?"

त्याने तांब्यांकडे हात केला. "हा धोंडू. ही जाईबाय. बाबल्या तिकरं, कुडाला टेकून. घामानी नुसती निथळतायत बगा. दुपार झाली की येतात नि बसतात."

"काय म्हणतात?" विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं.

"काय नाय म्हनत. हसतात. म्हनतात, भागोजी, दुकायचं ऱ्हायलं."

माझा पारा चढला. घाबरले की माझा पारा चढतो, ही माझी जुनी खोड. "ऊन लागलंय तुम्हाला," मी ओरडले, "डोक्याला तेल चोळा नि पडून राहा." पण बोलताना खाली लक्ष गेलं. तांबे काठोकाठ भरलेले होते. त्यांच्यामागे जमिनीवर मात्र माणूस बसून उठावा तेवढे तीन ओले डाग होते. म्हाताऱ्याच्या हातून पाणी सांडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. इतक्या वर्षांत तेच सांगत आले आहे.

भातकापणीला भागोजीची लेक तुळसा माहेरी आली. नवरा मुंबईला, बरोबर राही, नऊ-दहा वर्षांची, चुरूचुरू बोलणारी. म्हाताऱ्याचा जीव की प्राण. त्या दिवशी मी वाडीत शेजारच्याच घरात एका बाळंतिणीला बघायला गेले होते. किंकाळी ऐकली आणि धावले. राहीने भाताचा भारा उचलायला हात घातला होता. भाऱ्याखालून एवढासा तांबडा विंचू सुटला, कोणीतरी तो वहाणेने चिरडला. पोर बोट धरून गडाबडा लोळत होती.

"बाबा, हात लावा!" तुळसा ओरडली.

भागोजी खळ्याच्या कडेला उभा. हात पाठीमागे, एका हाताने दुसरा घट्ट धरलेला.

"नाय," तो म्हणाला. "केंद्रात नेऊया."

सगळी वाडी जमली होती. परक्याला कधी नाही म्हटलं नाहीस नि आपल्या नातीला नाही म्हणतोस? म्हाताऱ्याला चळ लागला. शिवा म्हणून एक शेजारी होता, त्याने तर निर्गुडीचा डहाळा तोडून त्याच्या हातात कोंबला. भागोजीने तो टाकून दिला. मी राहीला उचलायला वाकले, तर तुळसाने मला ढकललं. त्या बाईचा मला तेव्हा इतका राग आला!

आणि राही अचानक थांबली. उठून बसली. कपाळावर घाम डवरला होता, केस चिकटले होते. तिने बोट पुढे धरून पाहिलं आणि हसली.

"आजा," ती म्हणाली, "दुकायचं ऱ्हायलं."

वाडीत एकच आनंद झाला. हात न लावता उतरवला! नुसता उभा राहिला तरी विंचू उतरतो, अशी विद्या! तुळसाने रडत रडत बापाच्या पायावर डोकं ठेवलं आणि नारळ आणायला घरात पळाली. मी पोरीचा हात धरला. बर्फ. नाडी बोटाखाली कुठल्या कुठे पळत होती. "अहो, ही मरतेय!" मी किंचाळले, पण नारळ फुटल्याच्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार.

भागोजीला ऐकू गेलं. म्हणजे त्याला माझ्या सांगण्याची गरजच नव्हती. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. त्याने राहीला खांद्यावर टाकलं आणि तो वहाळाकडे धावत सुटला.

मग लोकांच्या लक्षात आलं. साकवावर शिवा आणि आणखी दोघे आडवे उभे राहिले. दांडगे नव्हते ते, वाईटही नव्हते. त्यांना पोर वाचवायची होती. "उतरलेला इचू हाय, काका," शिवा हात जोडून म्हणाला. "पानी वलांडू नका. परत चढंल. तुमीच शिकवलंत आमाला."

"व्हय, मीच शिकवलंव," भागोजी म्हणाला, "नि माज्या बापसानी मला. आमी दोगांनी मिळून किती मारली ती देवाला ठावक."

त्याने साकव सोडला आणि सरळ पाण्यात उतरला. वहाळाला अजून कमरेइतकं पाणी होतं. राहीचे पाय पाण्यात बुडाले तेव्हा काठावरून बायकांनी हंबरडा फोडला. तुळसा "बाबा, बाबा" करत मागे आली. मी साडी खोचून पाण्यात शिरले. मला पोहता येत नाही, हे मला मधोमध गेल्यावर आठवलं.

केंद्रात पोचेपर्यंत पोरीच्या छातीत घरघर सुरू झाली होती. डॉक्टरांनी यंत्र लावलं, गोळी फोडून पाण्यात कालवली आणि तिच्या ओठांत सोडली. उशाकडून खाट उंच केली. मग बसून राहणं. उतरत्या उन्हात खिडकीची सावली भिंतीवर सरकत होती. राहीचे डोळे अर्धवट उघडे, ओठ निळसर. तुळसा बापाकडे बघतसुद्धा नव्हती. पोर गेली असती तर तिने त्याला जन्मात क्षमा केली नसती, आणि वाडीनेही नाही. पाणी ओलांडलं म्हणून गेली, असंच सगळे म्हणाले असते.

भागोजी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला होता. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आलीत."

"कोण?" मला कळलं होतं.

"तिघंबी. खाटंभोवती उभी हायत. राहीकडं बगतायत."

"तिला न्यायला आलीत का?" मी विचारलं. मी, शिकलेली नर्स, असं विचारत होते, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

त्याने बराच वेळ निरखून पाहिलं. "नाय. वाट बगतायत. काय व्हतंय ता बगायला थांबलीत."

डॉक्टरांनी पुन्हा यंत्र लावलं, आणखी एक गोळी दिली. दिवेलागण झाली. मी राहीचा तळवा धरून बसले होते. किती वेळाने कोण जाणे, तो कोमट लागला. मला वाटलं माझाच हात कोमट असेल. मी हात बदलून पाहिला. कोमटच. घरघर कमी झाली. मग पोरीने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि बोट छातीशी धरून असं भोकाड पसरलं की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले.

"आये गं! बोट! आये, बोट दुकतंय!"

डॉक्टर मुळ्ये हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "दुखू दे," ते म्हणाले, "दुखायलाच पाहिजे. विष मागे हटलं."

तुळसाला कुठलं कळायला! ती बापाच्या पायाशी कोसळली. "बाबा, आता तरी हात लावा! बगवत नाय!" भागोजीने राहीच्या कपाळावर हात ठेवला, नुसता, ओठ मिटलेले. "रडू दे तिला," तो म्हणाला. "चांगली मोठ्यानी रड, बाय माजी." आणि स्वतःही रडायला लागला. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि डॉक्टरांना विचारलं, "ही गोळी त्यांना मिळती, तर?"

डॉक्टर प्रामाणिक माणूस. दुसऱ्या कोणी खोटं सांगितलं असतं. मी सांगितलं असतं. "वेळेत आणलं असतं तर बहुतेक वाचले असते," ते म्हणाले. "तेव्हा ही गोळी आपल्याकडे नव्हती, आणि त्यांना कोणी आणलंही नाही."

भागोजीने मान हलवली. राही ओरडून ओरडून दमली होती, हुंदके देत होती. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याला धीर द्यावा म्हणून म्हटलं, "आता गेली असतील ना ती? पोर वाचली, बघितलं त्यांनी."

"नाय, बाय," तो खाटेच्या पलीकडे बघत म्हणाला. "हसायची थांबली. आता तिघंबी रडतायत. त्यांनापन दुकायला लागलं."

त्याने आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले, आजाऱ्याने डॉक्टरपुढे धरावे तसे.

"राहीचं सकाळपातूर थांबंल. ह्या तिघांचं कोन उतरवनार?"